‘टोल्युइन-फ्री’ बाटलीतला एस्टर येतो कुठून?

नेलपॉलिशच्या बाटलीवर हल्ली बारीक अक्षरांत ‘टोल्युइन-फ्री’ असं छापलेलं असतं. परवा माझ्या भाचीने अशी एक बाटली माझ्यापुढे धरली. “मामा, यात टोल्युइन नाही, मग आहे काय?” मी चष्मा लावून मागची यादी वाचली. ब्युटाइल ॲसिटेट, इथाइल ॲसिटेट. दोन्ही एस्टर. टोल्युइनसारखं डोकं जड करणारं रसायन बाटलीतून गेलं आणि त्याची जागा तुलनेने सौम्य एस्टरने घेतली, हे चांगलंच झालं. पण तिचा पुढचा प्रश्न नेमका होता. “मग हे एस्टर बनवताना तरी टोल्युइन वापरत नाहीत ना?”

या दोघांसाठी सहसा नाही. बाकीच्या कित्येक एस्टरसाठी मात्र वापरतात. छपाईची शाई, लाकडावरचं पॉलिश, अत्तरं अशा शेकडो वस्तूंमध्ये एस्टर असतात, आणि त्यातले बरेच आजही टोल्युइन किंवा सायक्लोहेक्झेनच्या मदतीने तयार होतात. मी कोकणातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये एस्टर बनवणाऱ्या मोठ्या भांड्यांजवळ, म्हणजे रिअ‍ॅक्टरांजवळ बरीच वर्षं काढली आहेत. सॉल्व्हंट म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवणारा द्रव. ‘ग्रीन सॉल्व्हंट’ हा शब्द आता ड्रमांवर आणि जाहिरातींत सगळीकडे दिसतो, आणि त्यामागे खरं काय आहे ते रसायनशास्त्र सोडून दिलेल्या माणसालाही कळायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एस्टर तुमच्या घरात आहेतच

आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून एस्टर तयार होतो आणि सोबत पाणी सुटतं. एवढीच व्याख्या लक्षात ठेवली तरी पुरे. पिकल्या केळ्याच्या वासात आयसोअमाइल ॲसिटेट हा एस्टर मुख्य असतो. अननसाच्या इसेन्समध्ये इथाइल ब्युटिरेट असतं. सांधे दुखले की चोळतो त्या मलमाचा तो ओळखीचा वास मिथाइल सॅलिसिलेटचा. ॲस्पिरिन एस्टर आहे. शेंगदाण्याचं तेल, खोबरेल, साजूक तूप हेही एस्टरच. निसर्ग हे सगळं गाजावाजा न करता, साध्या तापमानाला, पाण्यात करतो. कारखान्याला ते तसं जमत नाही, कारण एक अडचण आडवी येते.

अडचण पाण्याची आहे

आम्ल आणि अल्कोहोल मिळून एस्टर आणि पाणी होतं, आणि त्याच भांड्यात एस्टर आणि पाणी मिळून पुन्हा आम्ल आणि अल्कोहोलही होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात.

देवळाचा सभामंडप आणि बाहेरचं अंगण डोळ्यांपुढे आणा. मधलं दार सताड उघडं. माणसं आतून बाहेर जातात, बाहेरून आत येतात. थोड्या वेळाने दोन्हीकडची गर्दी एका ठरावीक प्रमाणात स्थिरावते. ये-जा थांबलेली नसते, पण मोजली तर संख्या बदलत नाही. ॲसिटिक आम्ल आणि इथाइल अल्कोहोल समसमान रेणू घेऊन एकत्र तापवलं, तर साधारण दोन तृतीयांश भागाचा एस्टर होतो आणि गाडी तिथे थांबते. कितीही वेळ तापवा, पुढे सरकत नाही. एमिल फिशर आणि आर्थर श्पायर यांनी १८९५ मध्ये आम्लाच्या उत्प्रेरकाने एस्टर करण्याची जी रीत मांडली, ती आजही उद्योगाचा पाया आहे. पण उत्प्रेरक फक्त वेग वाढवतो, हा तोल बदलत नाही.

तोल बदलायचा तर अंगणात आलेल्या माणसांना लगेच रस्त्याने घरी पाठवावं लागतं. म्हणजे मंडप रिकामा होत जातो. इथे ‘घरी पाठवायचं’ ते पाणी. तयार होईल तसं पाणी भांड्याबाहेर काढत राहिलं, तर उरलेल्या एक तृतीयांशाचाही एस्टर होतो. एस्टरच्या कारखान्यातली निम्मी अक्कल या पाण्याच्या मागे खर्च होते.

टोल्युइन नेमकं करतं काय

कोकणात आणि घाटावर गवती चहाचं तेल काढतात ती भट्टी काहींनी पाहिली असेल. नुसतं तेल उकळायला गेलं तर फार उष्णता लागते आणि ते करपतं. पण पाण्याची वाफ पानांतून सोडली की ती तेलाला सोबत घेऊन वर येते, थंड होते, आणि बाटलीत तेल वर, पाणी खाली असं वेगळं होतं.

एस्टरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये याच्या उलट घडतं. तिथे टोल्युइन पाण्याला सोबत घेऊन निघतं. टोल्युइन एकटं सुमारे ११० अंशांना उकळतं, पाणी १०० ला. दोघं एकत्र असले की सुमारे ८५ अंशांनाच जोडीने वाफ होऊन निघतात, आणि त्या वाफेत वजनाने पाचवा भाग पाणी असतं. ठरावीक प्रमाणात एकत्र उकळणाऱ्या अशा जोडीला ॲझिओट्रोप म्हणतात. वर कंडेन्सरमध्ये ही वाफ थंड होते. टोल्युइन पाण्यात विरघळत नाही आणि हलकं असतं, म्हणून वर तरंगतं आणि ओसंडून पुन्हा रिअ‍ॅक्टरमध्ये उतरतं. पाणी खाली साठतं, ते काढून टाकायचं.

प्रयोगशाळेत यासाठी काचेचं एक उपकरण असतं, डीन आणि स्टार्क या दोघा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडलेलं. कॉलेजात मी ते पहिल्यांदा लावलं तो दिवस आठवतो. पहिली पंधरा मिनिटं काही दिसत नाही. मग बाजूच्या आखणीच्या नळीत द्रव गढूळ होतो, ताकाच्या निवळीसारखा. त्यातून एकेक टपोरा थेंब सुटतो आणि तळाशी जाऊन बसतो. एक मिलिलिटर. दोन. हिशेबाने किती पाणी यायला हवं ते आधीच काढलेलं असतं, कारण ६० ग्रॅम ॲसिटिक आम्ल आणि ४६ ग्रॅम अल्कोहोलमधून ८८ ग्रॅम एस्टर आणि बरोबर १८ ग्रॅम पाणी सुटायला हवं. पाण्याची रेघ त्या आकड्याला टेकली की काम झालं. कारखान्यात हाच खेळ हजारो लिटरचा, आणि नळीच्या जागी काचेची खिडकी असलेला रिसीव्हर. रात्रपाळीचा ऑपरेटर टॉर्च मारून त्या खिडकीतली दोन थरांमधली रेघ बघत असतो.

म्हणजे टोल्युइन इथे हमाल आहे. तयार मालात त्याचा अंशही नको असतो. ते फक्त पाणी वाहून नेतं आणि परत येतं.

परत येतं, तर बिघडलं कुठे?

सगळं परत येत नाही, इथे बिघडतं.

एक बॅच धरून चालू, त्यात २००० लिटर टोल्युइन. फेऱ्या मारताना थोडं कंडेन्सरमधून निसटतं, थोडं वेगळ्या काढलेल्या पाण्यासोबत जातं, थोडं एस्टरमध्ये उरतं आणि नंतर व्हॅक्यूम लावून ओढून काढावं लागतं, थोडं ड्रम भरताना उडतं. दर बॅचला दोन टक्के घट धरली तर ४० लिटर. वर्षाला ३०० बॅच म्हणजे १२,००० लिटर. दोनशे लिटरचे साठ ड्रम. हे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण जिथे देखभाल ढिली असते तिथे घट याहून जास्त होऊ शकते, हे कारखान्यात काम केलेला कुणीही सांगेल.

हे साठ ड्रम जातात हवेत आणि पाण्यात. हवेतलं टोल्युइन वाहनांच्या धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांसोबत उन्हात मिसळलं की जमिनीलगत ओझोन तयार होतो, जो फुप्फुसांना त्रास देतो. आणि त्याआधी ते श्वासातून जातं तिथे काम करणाऱ्याच्या. डोकं जड होणं, गरगरणं ही सुरुवात असते. वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात शरीरात गेलं तर मज्जासंस्थेवर परिणाम होतो. पूर्वी हे हमालीचं काम बेंझिन करायचं, आणि बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो हे आता निर्विवाद आहे. बेंझिनकडून टोल्युइनकडे येणं ही मोठी सुधारणा होती. पण तिथेच थांबायचं कारण नाही.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका कारखान्यातले कपडे बदलायच्या खोलीतले लॉकर उघडले की सॉल्व्हंटचा गोडसर वास यायचा. आम्ही त्याला ‘कामाचा वास’ म्हणायचो. घरी आईने डबा घासताना विचारलं, याला कसला वास येतोय, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मला तो यायचाच बंद झाला होता.

‘हिरवा’ सॉल्व्हंट म्हणजे कोणता?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून जरा थांबू.

पहिला उमेदवार २-मिथाइलटेट्राहायड्रोफ्युरान. नाव लांबलचक आहे, आपण ‘मिथाइल-टीएचएफ’ म्हणू. हा फरफ्युरालपासून बनतो आणि फरफ्युराल बनतं उसाच्या चिपाडापासून किंवा मक्याच्या कणसाच्या बुरकुंड्यापासून. पेट्रोलचा संबंध नाही. टोल्युइनसारखाच हाही पाण्यासोबत जोडीने उकळतो, सुमारे ७१ अंशांना. ऐकायला उत्तम. पण साध्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात हा जवळपास १४ ग्रॅम विरघळतो. म्हणजे रिसीव्हरमध्ये वेगळं काढलेलं पाणी फेकायला गेलात की सॉल्व्हंटही त्याच्यासोबत सांडपाण्यात चाललं. ते परत मिळवायला आणखी एक ऊर्ध्वपातन (उकळून, वाफ थंड करून वेगळं काढणं) हवं, म्हणजे आणखी वाफ, आणखी कोळसा. शिवाय हवेच्या संपर्कात पडून राहिला की यात पेरॉक्साइड तयार होतात, आणि पेरॉक्साइड साठलेला सॉल्व्हंट कोरडा होईपर्यंत उकळणं म्हणजे स्फोटाला निमंत्रण.

दुसरा उमेदवार सायक्लोपेंटाइल मिथाइल ईथर, ज्याला कारखान्यात ‘सीपीएमई’ म्हणतात. हा पाण्यात फारच कमी विरघळतो, म्हणून थर स्वच्छ वेगळे होतात. पेरॉक्साइड सहज होत नाहीत. आम्लातही बऱ्यापैकी टिकतो. एस्टरच्या कामासाठी मला हा जास्त पटतो. गंमत अशी की हा बहुधा पेट्रोलियमपासूनच येतो! चिपाडापासून आलेला सांडपाण्यात जातो आणि तेलविहिरीतून आलेला शंभरदा परत वापरता येतो. आता यांतला हिरवा कोण?

तिसरा लिमोनीन, संत्र्याच्या सालीतून निघणारा. वास सुंदर. पण हवा लागून जुना झालेला लिमोनीन त्वचेला ॲलर्जी देतो, आणि ओढ्यात गेला तर माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना चांगलाच बाधतो. झाडापासून आलं म्हणून निर्धोक, हा समज इथे सोडून द्यावा लागतो. विषारी बेलाडोनाही झाडच आहे.

आणि एक गोष्ट यातल्या कुणालाही चुकलेली नाही. मिथाइल-टीएचएफ असो की सीपीएमई, दोघेही टोल्युइनइतकेच किंवा त्याहून लवकर पेट घेतात. ‘ग्रीन’ लिहिलेल्या ड्रमाजवळ अर्थिंगची वायर न जोडता पंप सुरू करणाऱ्याला ती पाटी वाचवत नाही.

म्हणून हिरवेपणा ड्रममधल्या द्रवाच्या जन्मावरून ठरवता येत नाही. तो कुठून आला, माणसाला काय करतो, किती परत मिळतो, परत मिळवायला किती ऊर्जा लागते आणि शेवटी निसटलेला भाग निसर्गात मोडतो की साठतो, हे सगळं एकत्र मोजावं लागतं. पॉल अनास्टस आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वं मांडली. त्यातलं पाचवं तत्त्व सॉल्व्हंटबद्दल आहे, आणि त्यात आधी ‘शक्य असेल तिथे वापरूच नका’ असं आहे, मग ‘वापरलाच तर निरुपद्रवी वापरा’. जाहिरातींमध्ये दुसरा भाग उरतो, पहिला गळून पडतो.

मुळात हमाल हवाच कशाला?

घरी लोणी कढवून तूप करतो तेव्हा काय होतं? लोण्यात पाणी असतं. मंद आचेवर ते तडतडत निघून जातं, आवाज थांबला की तूप झालं. पाणी काढायला बाहेरून काही घालत नाही. तुपाचे रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा खूपच जड आणि न उडणारे असतात, म्हणून हे जमतं.

जड एस्टरच्या बाबतीत कारखान्यातही तसंच करता येतं. क्रीम-लोशनमध्ये लागणारे चरबीयुक्त आम्लांचे एस्टर सॉल्व्हंटशिवाय, उष्णता आणि व्हॅक्यूमवर होतात. वायरींच्या आवरणाचं प्लास्टिक मऊ करणारे एस्टर करताना मूळ अल्कोहोलच थोडं जास्त घालतात आणि तेच पाणी घेऊन निघतं. ब्युटाइल ॲसिटेट करताना ब्युटाइल ॲसिटेट स्वतःच ब्युटाइल अल्कोहोलसोबत पाणी वाहून नेतं. माझ्या भाचीच्या बाटलीतला एस्टर टोल्युइनशिवाय होतो तो याच कारणाने. घरचाच माणूस ओझं उचलतो. नंतर परक्याला मालातून हुडकून काढायचं कामही वाचतं.

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्जपोर्टला ईस्टमन कंपनीने १९८० च्या दशकात मिथाइल ॲसिटेटसाठी याहून धाडसी गोष्ट केली. पूर्वीच्या पद्धतीत एक रिअ‍ॅक्टर आणि त्यामागे ऊर्ध्वपातनाच्या स्तंभांची रांग लागायची. त्यांनी रासायनिक क्रिया आणि ऊर्ध्वपातन दोन्ही एकाच उंच स्तंभात घडवलं. वरून आम्ल उतरतं, खालून अल्कोहोलची वाफ चढते, दोघांची गाठ पडते तिथे एस्टर होतो, तो वरून निघतो आणि पाणी खालून. पाणी काढणारं बाहेरचं सॉल्व्हंट तिथे लागतच नाही.

त्याच कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सौंदर्यप्रसाधनांतले एस्टर विकराच्या साहाय्याने, सॉल्व्हंटशिवाय बनवल्याबद्दल. विकर म्हणजे जिवंत पेशींमधला उत्प्रेरक. आपल्या पोटातही चरबी पचवणारं लायपेज असतं. चरबी पचवणं म्हणजे एस्टर तोडणं. पाणी कमी ठेवलं तर तेच लायपेज उलटं चालून एस्टर जोडतं, तेही उकळत्या पाण्याहून बऱ्याच कमी तापमानाला. जास्त तापल्याने येणारा पिवळेपणा आणि खवट वास येत नाही, म्हणून नंतर ब्लिचिंग करायचीही गरज कमी पडते.

याआधी १९९८ मध्ये हाच पुरस्कार आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेला मिळाला होता, लॅक्टिक आम्लापासून इथाइल लॅक्टेट बनवताना पाणी एका निवडक पडद्यातून बाहेर काढण्याबद्दल. आणि इथाइल लॅक्टेट हा स्वतःच एक सौम्य सॉल्व्हंट आहे.

“हे सगळं अमेरिकेत ठीक. आपल्याकडे परवडेल का?”

हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर आपल्या साखरपट्ट्यातच आहे.

मळीपासून अल्कोहोल काढलं की साध्या ऊर्ध्वपातनाने ते सुमारे साडेपंच्याण्णव टक्क्यांच्या पुढे जात नाही. तिथे पाणी आणि अल्कोहोल यांची ॲझिओट्रोपची गाठ बसते. ती सोडवायला एकेकाळी बेंझिन घालत, पुढे सायक्लोहेक्झेन आलं. आता पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलऱ्यांमध्ये बघा. तिथे ‘मॉलिक्युलर सीव्ह’चे उभे टॉवर असतात. त्यात वाटाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक गोळ्या भरलेल्या असतात आणि त्यांची छिद्रं इतकी लहान असतात की पाण्याचा रेणू आत शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. वाफ एका टॉवरमधून जाताना कोरडी होते, तोवर दुसरा टॉवर पाणी सोडून ताजा होतो. सॉल्व्हंट शून्य. कर्करोगाची भीती असलेला हमाल त्या कामातून कायमचा गेला. आणि हे झालं ते त्यात वाफेची आणि पैशाची बचत होती म्हणून.

लहान एस्टर कारखान्याची अडचण मात्र खरी आहे आणि ती झटकून टाकणं बरोबर नाही. दोन-तीन रिअ‍ॅक्टर, त्यात आज एक माल, पुढच्या आठवड्यात दुसरा. अशा ठिकाणी एकाच मालासाठी बांधलेला उंच स्तंभ निरुपयोगी. सीपीएमई टोल्युइनच्या कितीतरी पट महाग. विकर तर आणखी महाग, आणि ते शंभरदा वापरलं तरच हिशेब बसतो. अशा मालकाला ‘सॉल्व्हंट बदला’ असं सांगण्यात अर्थ नाही. त्याला मी सांगतो: कंडेन्सरला थंडगार ब्राइन (मिठाचं पाणी) द्या, व्हेंटवर, म्हणजे वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवर, दुसरा छोटा कंडेन्सर बसवा, गॅस्केट बदला, ड्रम उघड्यावर भरणं बंद करा, उत्प्रेरक म्हणून सल्फ्युरिक आम्लाऐवजी जिथे चालेल तिथे आम्लधर्मी रेझिन वापरा म्हणजे नंतर सोड्याने मारून खारट सांडपाणी करावं लागणार नाही. दोन टक्के घट अर्ध्यावर आली तर साठातले तीस ड्रम वाचले. तीस ड्रमांचे पैसे त्याला लगेच कळतात. महाग सॉल्व्हंट आणूनही व्हेंट उघडाच राहिला, तर त्यापेक्षा नीट झाकलेलं टोल्युइन मला बरं वाटतं.

“ग्राहकाने किंवा शेजाऱ्याने कसं ओळखायचं?”

ज्यांच्या गावाशेजारी अशी वसाहत आहे त्यांच्यासाठी एक पक्की खूण आहे. मोठ्या रासायनिक प्रकल्पांचे पर्यावरण परिणाम अहवाल केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर मिळतात. त्यात बहुतेकदा सॉल्व्हंटचा एक तक्ता असतो: किती वापरलं, किती परत मिळवलं, किती गेलं. बाकी शेकडो पानं सोडा, तो तक्ता शोधा.

टोल्युइन तयार मालात जात नाही आणि रिअ‍ॅक्टरमध्ये नष्टही होत नाही. मग कारखान्याला दरवर्षी नवं टोल्युइन विकत का घ्यावं लागतं? जुनं कुठेतरी गेलं म्हणून. थोडं भट्टीत जाळायला पाठवलं असेल, त्याच्या पावत्या असतात. उरलेलं हवेत आणि पाण्यात. व्यवस्थापनासमोर बसायची वेळ आली तर ‘तुम्ही ग्रीन सॉल्व्हंट वापरता का’ असं विचारू नका. विचारा, “गेल्या वर्षी नवे ड्रम किती घेतले?” स्टोअरच्या रजिस्टरमध्ये तो आकडा तारखेनिशी लिहिलेला असतो.